पश्चिमेच्या उन्हाला काचेचं उत्तर: खान्देशातल्या इमारतींसाठी टिंटेड, लो-ई आणि स्मार्ट काच

जळगाव, भुसावळ, धुळे, शहादा या पट्ट्यात नवी इमारत उभी राहिली की दर्शनी बाजूला काच हवीच असते, मग तो दवाखाना असो, सराफी दुकान असो की कोचिंग क्लास. काचवाल्याकडे गेलं की पहिला प्रश्न येतो, "कोणता कलर?" गडबड इथूनच सुरू होते. काचेचा रंग आणि काचेतून आत येणारी उष्णता यांचं नातं वाटतं तेवढं सरळ नाही. गडद ब्राँझ काचेमागची खोली भट्टी होऊ शकते आणि जवळपास पांढऱ्या दिसणाऱ्या काचेमागची खोली गार राहू शकते. म्हणून रंग शेवटी ठरवायचा. त्याआधी दिशा, मग आकडे, मग सेक्शन (चौकटीची ॲल्युमिनियम पट्टी).

दिशा

खान्देश साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. याचा खिडकीशी थेट संबंध आहे. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला साधारण ४५ अंशांवर असतो, मार्च-सप्टेंबरात ६९ अंशांवर, आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात बरोबर डोक्यावर. त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत तो थोडा उत्तरेकडेच कललेला असतो. म्हणजे दक्षिणेच्या ४ फूट उंच खिडकीला २ फुटांचा छज्जा दिला तर मार्चपासून सप्टेंबरपर्यंत दुपारचं ऊन काचेला शिवत नाही. तिथे महागडी काच लावणं म्हणजे सावलीत छत्री धरणं.

पश्चिमेचं मात्र वेगळं आहे. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास दुपारी ४ वाजता सूर्य क्षितिजापासून साधारण ३९ अंशांवर आणि जवळजवळ थेट पश्चिमेला असतो. तोच २ फुटांचा छज्जा पश्चिमेच्या काचेवर तेव्हा जेमतेम दीड फूट सावली टाकतो, आणि ५ वाजता फुटभरही नाही. ऊन सर्वांत चटका देतं ते याच वेळी, कारण बाहेरची हवा, भिंत, स्लॅब सगळं तोवर तापून बसलेलं असतं. मे-जूनमध्ये सूर्य वायव्येला मावळतो, त्यामुळे "उत्तरेची खिडकी आहे, ऊन येत नाही" हेही या दोन महिन्यांत संध्याकाळी खरं नसतं.

नकाशावर बाण असतो, पण प्लॉट वाकडा असतो. मोबाईलच्या होकायंत्राने प्रत्येक भिंतीची दिशा स्वतः तपासा. होकायंत्र धरताना लोखंडी ग्रिल आणि सळ्यांपासून दोन-तीन फूट लांब राहा, नाहीतर सुई भलतीकडे जाते. पश्चिम आणि वायव्य भिंतींवर लाल खूण करा. खर्च करायचा तो त्या भिंतींवर.

आणि खर्च करण्याआधी बाहेरून सावली मिळते का ते बघा. पश्चिमेला आडव्या छज्जापेक्षा उभ्या पट्ट्या, जाळी, लाकडी किंवा ॲल्युमिनियमचे फिरते लूव्हर जास्त कामाचे. नर्सरीवर लावतात तसलं ७५ टक्क्यांचं शेडनेट चौकटीवर ताणून काचेपासून फूटभर अंतरावर लावलं, तरी ते आतल्या कोणत्याही पडद्याला हरवतं. पडदा आत असला की ऊन काच ओलांडून आलेलंच असतं. पडदा तापतो आणि खोलीत शेकोटीसारखा बसतो. शेडनेट दिसायला बरं नाही, हे मान्य. पण मागच्या बाजूच्या जिन्याला किंवा गोदामाला कोण बघतं?

तीन आकडे, आणि त्यांचा हिशेब

काचेच्या माहितीपत्रकात डझनभर आकडे असतात. आपल्याला तीन पुरतात.

पहिला एसएचजीसी. काचेवर पडलेल्या सूर्याच्या उष्णतेपैकी किती हिस्सा शेवटी आत पोचतो, ते हा आकडा सांगतो. ६ मिमी साध्या काचेचा साधारण ०.८२ असतो, म्हणजे शंभरातले ८२ आत. दुसरा व्हीएलटी, म्हणजे किती टक्के उजेड आत येतो. साध्या काचेत ८८ च्या आसपास. तिसरा यू-व्हॅल्यू. ऊन नसतानाही बाहेरच्या गरम हवेची धग काचेतून किती झिरपते ते त्यातून कळतं. एकेरी काचेचा हा आकडा दर चौरस मीटरला, दर अंश फरकाला ५.७ वॅटच्या आसपास असतो, कमी तितका चांगला.

आता भुसावळची एक पश्चिमेची खिडकी घेऊ, ४ फूट बाय ४ फूट, म्हणजे दीड चौरस मीटरला किंचित कमी. मे महिन्यात दुपारी ४ वाजता उभ्या पश्चिम काचेवर दर चौरस मीटरला ६५० वॅट ऊन धरलं, तर साध्या काचेतून ६५० × १.४९ × ०.८२, म्हणजे सुमारे ८०० वॅट आत येतात. बाहेर ४३ आणि आत २६ अंश असतील तर फरक १७, ५.७ × १.४९ × १७ म्हणजे आणखी १४५ वॅट. एकूण साडेनऊशे. अशा चार खिडक्या असल्या की एक टनाचा एसी (साडेतीन किलोवॅट) नुसता खिडक्यांशी झुंजतो, माणसांच्या वाट्याला काही उरत नाही.

त्याच खिडकीत एसएचजीसी ०.२७ आणि यू-व्हॅल्यू १.७ असलेली दुहेरी काच बसवली तर हिशेब २६० अधिक ४५, म्हणजे साधारण ३०० वॅट. एक तृतीयांश. यात ऊन अडवल्याचा वाटा किती आणि यू-व्हॅल्यूचा किती, तेही बघा. खान्देशात एसएचजीसी आधी, यू-व्हॅल्यू नंतर. थंड मुलुखातली माहितीपत्रकं नेमकी उलटी लिहिलेली असतात आणि आपले विक्रेते तीच वाचून दाखवतात.

जोडभार १०० किलोवॅट किंवा मागणी १२० केव्हीएच्या वरच्या व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने २०१७ मध्ये हेच आकडे मागितले. आपल्याकडच्या उष्ण हवामानात उत्तर सोडून बाकी दिशांना एसएचजीसी जास्तीत जास्त ०.२७, उत्तरेला ०.५०, यू-व्हॅल्यू ३.० पर्यंत, व्हीएलटी किमान २७ टक्के आणि दर्शनी भिंतीत काच ४० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. छोट्या इमारतीला सक्ती नसली तरी ऑर्डर देताना हे आकडे समोर ठेवायला हरकत नाही.

बाजारात मिळणाऱ्या काचा

टिंटेड काच म्हणजे अंगातच रंग असलेली: ब्राँझ, ग्रे, हिरवी, निळी. ही ऊन परतवत नाही, पिऊन घेते. पिलेल्या उष्णतेचा बराच भाग बाहेरच्या वाऱ्याला जातो, पण साधारण एक तृतीयांश आत सुटतो. पश्चिमेची ब्राँझ काच मे महिन्यात ६० अंशांच्या पुढे तापू शकते. शेजारच्या खुर्चीत बसणाऱ्याला एसी चालू असूनही गालावर धग लागते. एसएचजीसी साधारण ०.५५ ते ०.६५. म्हणजे उजेड निम्म्यावर आला आणि उष्णता पाव-तृतीयांशानेच कमी झाली. तोट्याचा सौदा.

रिफ्लेक्टिव्ह काचेवर धातूचा पातळ थर असतो, तो ऊन परतवतो. दिवसा बाहेरून आरसा दिसतो. रात्री आत दिवे लागले की उलटं होतं आणि रस्त्यावरून आतलं सगळं दिसतं. दवाखान्याच्या तपासणी खोलीला ही काच लावून "बाहेरून दिसत नाही" असं समजू नका. समोरच्या घरावर उन्हाचा झोत पडून भांडण होतं, तोही विचार करा.

लो-ई काच खरी कामाची. साधी काच तापली की किरणांनी भरपूर उष्णता बाहेर टाकते, तिची उत्सर्जकता (किरणांनी उष्णता सोडण्याची क्षमता, जास्तीत जास्त १) ०.८४ असते. चांदीचा अतिसूक्ष्म थर दिला की ती ०.१ च्याही खाली येते. चांदीचे दोन किंवा तीन थर असलेली सोलर-कंट्रोल लो-ई काच उजेड येऊ देते आणि अवरक्त किरण परतवते. सूर्याच्या उर्जेतला निम्म्याहून थोडा जास्त भाग डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो, म्हणून हे जमतं. विकत घेताना व्हीएलटीला एसएचजीसीने भागा. ब्राँझ काचेत ०.५० भागिले ०.६० म्हणजे एकही येत नाही. चांगल्या लो-ई दुहेरी काचेत ०.५५ भागिले ०.२७, म्हणजे दोन. सराफी आणि साडीच्या दुकानांनी हा भागाकार जरूर करावा, कारण ब्राँझ काचेमागे दिवसाच्या उजेडात सोनं तांबूस दिसतं, हिरव्या काचेमागे फिकट साड्यांचा रंग बदलतो, आणि गिऱ्हाईक साडी घेऊन रस्त्यावर बघायला जातं. त्यांनी रंगहीन लो-ईच घ्यावी.

एक महत्त्वाचा फरक. हार्ड कोट लो-ई तयार होतानाच भाजलेली असते, ती एकेरी लावता येते. सॉफ्ट कोट जास्त चांगली, पण तिचा थर हवेतल्या ओलाव्याने काही महिन्यांत काळपट पडतो. ती दुहेरी काचेच्या आतच हवी. एकेरी सॉफ्ट कोट "चालते हो" म्हणून कोणी देत असेल तर त्या दुकानाच्या पायऱ्या उतरा.

दुहेरी काच

६ मिमी काच, १२ मिमी पोकळी, ६ मिमी काच, एकूण २४ मिमी. पोकळीभोवती ॲल्युमिनियमचा किंवा कमी उष्णता नेणारा स्पेसर (दोन काचांत अंतर ठेवणारी पट्टी), त्यात ओलावा शोषणारे दाणे, काच आणि स्पेसर यांच्यामध्ये काळ्या ब्युटिलची पहिली सील आणि बाहेरून पॉलिसल्फाइड किंवा सिलिकॉनची दुसरी. काचेचे पृष्ठभाग बाहेरून आत १, २, ३, ४ असे मोजतात. आपल्याकडे लो-ई थर २ क्रमांकावर हवा, म्हणजे बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला. उन्हाने तापते ती बाहेरची काच, आणि पोकळी तिची धग आत येऊ देत नाही.

काच उलटी बसली तर थर ३ वर जातो, आतली काच तापते आणि पैसे पाण्यात. तपासायची युक्ती सोपी आहे. संध्याकाळी बाहेर उभं राहून मोबाईलचा टॉर्च किंवा पेटती काडी काचेजवळ धरा. चार प्रतिबिंबं दिसतात. तीन एका रंगाची आणि एक वेगळ्या, गुलाबी किंवा हिरवट झाकेची. वेगळं प्रतिबिंब तुमच्याकडून दुसरं असलं तर काच बरोबर. तिसरं असलं तर काच उतरवायला लावा.

वजन विसरू नका. काच दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो. २४ मिमीच्या युनिटमध्ये काच १२ मिमी, म्हणजे ३० किलो, चौरस फुटाला पावणेतीन किलो. आपली ४ बाय ४ ची खिडकी साधारण ४५ किलोची. साध्या पाऊण इंची स्लायडिंग सेक्शनला हे वजन झेपत नाही आणि त्याच्या खाचेत ४-५ मिमीपेक्षा जाड काच जातही नाही. आधी काच ठरवून मग सेक्शन घ्या. जाड सेक्शन, भारी चाकं, किंवा सरळ फिक्स काच आणि बाजूला छोटी उघडणारी झडप. धुळीचा विचार केला तर फिक्स आणि झडप हाच जोड खान्देशात टिकतो. स्लायडिंगचा ब्रश दोन उन्हाळ्यांत धुळीने गच्च होतो.

दोन बारकावे. एक-सव्वा फूट रुंदीच्या अरुंद पट्ट्यांत दुहेरी काच टाळा. पोकळीतली कोंडलेली हवा उन्हात फुगते. मोठी काच थोडी बाक देऊन ती सामावते, अरुंद काच ताठ असते आणि ताण सीलवर येतो. आणि काम तोरणमाळला असेल, तर तिथली उंची सुमारे ११५० मीटर आहे हे कारखान्याला आधीच कळवा. सपाटीवर सील केलेली काच तिथे पोचेपर्यंत दोन्ही बाजूंनी फुगते. दाब समतोल करणारी नळी ठेवून युनिट बनवावं लागतं.

टफन, लॅमिनेट, आणि काच आपोआप का तडकते

"काही लागलं नाही, तरी तडकली" ही तक्रार दर उन्हाळ्यात ऐकू येते. बहुतेक वेळा कारण उष्णतेचा ताण असतो. काचेचा मधला भाग उन्हात तापून पसरतो, चौकटीत दडलेली कड थंड राहते आणि पसरायला नकार देते. साधी काच अशा ३०-४० अंशांच्या फरकावर कडेपासून फाटते. अशी तडा ओळखता येते: कडेला काटकोनात सुरू होते आणि मग वळत जाते. टिंटेड काच, अर्ध्या काचेवर छज्जाची सावली, आतून चिकटलेला जाड पडदा, एसीचा थेट झोत, काचेवर चिकटवलेलं मोठं पोस्टर, यांतली दोन कारणं एकत्र आली तरी पुरतात. कड ओबडधोबड कापलेली असेल तर एकही पुरतं.

उपाय टफन काच. सुमारे ६२० ते ६५० अंशांना तापवून हवेच्या झोताने झटकन गार करतात. ती दोनशे अंशांपर्यंतचा फरक सोसते आणि साध्या काचेच्या चार-पाच पट ताकदीची असते. मेअखेरीच्या ज्या वावटळीने रावेर-यावलच्या केळीबागा आडव्या होतात, आणि गारपिटीत ज्या गारा पडतात, त्यांचा विचार केला तरी दर्शनी भागात टफनच हवी. कोपऱ्यात आयएस २५५३ चा कायमचा शिक्का बघून घ्या. शिक्का नसेल तर ती टफन आहे हे मानू नका.

टफनचे दोष तीन. एकदा भट्टीतून आली की कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. दुसरं, भट्टीतल्या रुळांमुळे किंचित लाटा पडतात. रिफ्लेक्टिव्ह काचेत समोरची इमारत हलत्या पाण्यातल्यासारखी दिसते. ऑर्डर देतानाच सगळ्या काचांच्या लाटा आडव्या ठेवायला सांगा, नजरेला कमी खुपतात. तिसरं, काचेत निकेल सल्फाइडचा सूक्ष्म खडा राहिला तर ती काही महिन्यांनी किंवा वर्षांनी खरोखरच आपोआप फुटते. सगळे तुकडे जागेवर असतील तर फुटीच्या केंद्रात दोन मोठे तुकडे फुलपाखरासारखे जोडलेले दिसतात. वरच्या मजल्यांसाठी हीट सोक केलेली काच मागा. २६० ते २९० अंशांच्या भट्टीत काही तास ठेवून खडा असलेली काच कारखान्यातच फोडून टाकतात.

डोक्यावरची काच, म्हणजे कॅनोपी, स्कायलाइट, तिरकी काच, लॅमिनेटच (दोन काचांमध्ये प्लास्टिक फिल्म चिकटवलेली) हवी. टफन फुटली की दाण्यांचा सडा पडतो, लॅमिनेट पडद्यासारखी लटकून राहते. मधली पीव्हीबी फिल्म ०.३८ मिमीच्या पटीत येते, छपरासाठी १.५२ घ्या. ही फिल्म अतिनील किरणही जवळपास सगळे अडवते, साड्यांचा रंग उडणं कमी होतं.

जुन्या खिडकीवर फिल्म

इमारत जुनी आणि काच बदलणं परवडत नसेल तर फिल्म हा मधला मार्ग. माहितीपत्रकावर "९९ टक्के उष्णता अडवते" लिहिलेलं असेल तर तो आकडा बहुधा अवरक्त किरणांच्या एखाद्याच लहरीवर मोजलेला असतो. टीएसईआर (सूर्याच्या एकूण उष्णतेपैकी किती हिस्सा अडतो) विचारा, एकातून तो वजा केला की साधारण एसएचजीसी मिळतो. टीएसईआर ५५ टक्के म्हणजे एसएचजीसी ०.४५. फिल्मसाठी हा आकडा चांगला आहे, चमत्कार नाही.

लावताना काच धुवून, पात्याने खरवडून, पुन्हा धुवा. टफन काचेवर पातं मात्र टाळा, भट्टीतले कण सुटून लांब ओरखडे जातात. शांपूचे चार-पाच थेंब एक लिटर आरओच्या पाण्यात टाकून फवारा. बोअरच्या पाण्यात क्षार असतात, ते फिल्मखाली अडकून पांढरे ठिपके कायमचे राहतात. पंखा बंद, दार बंद, सकाळी ९ च्या आत काम. कडेला एक-दोन मिमी मोकळी जागा ठेवा. स्क्वीजी (पाणी काढायचं रबरी पातं) मध्यापासून कडेकडे. पाण्याचे फुगे आठवडाभर दिसले तरी चालेल, पूर्ण वाळायला महिना लागतो; धुळीचा फुगा मात्र कधीच जात नाही. दुहेरी काचेवर किंवा टफन नसलेल्या टिंटेड काचेवर गडद फिल्म लावू नका. वर सांगितलेला तडा जाण्याचा धोका मोठा.

स्मार्ट काच: नाव एक, वस्तू चार

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते, कारण बटण दाबलं की बदलणाऱ्या प्रत्येक काचेला "स्मार्ट" म्हणतात.

आपल्याकडे सहज मिळणारी आहे पीडीएलसी, म्हणजे द्रव स्फटिकांची फिल्म असलेली काच. वीज दिली की पारदर्शक, बंद केली की दुधाळ. क्षणात बदलते. डॉक्टरची केबिन, मीटिंग रूम, दागिने दाखवायची आतली खोली, इथे उत्तम. पण ती उष्णता अडवत नाही. दुधाळ अवस्थेत ती प्रकाश विखुरते, पण बहुतेक प्रकाश आतल्याच बाजूला जातो. पश्चिमेच्या खिडकीत एसी वाचवायला पीडीएलसी विकणारा एक तर अडाणी आहे किंवा तुम्हाला तसं समजतो. शिवाय ऊन आणि अतिनील किरणांनी तिचे द्रव स्फटिक खराब होतात, म्हणून तिची जागा आतल्या भिंतीत.

तिला साधारण ४८ ते ६५ व्होल्ट एसी लागतो. चौरस मीटरला सुमारे ५ वॅट धरून ट्रान्सफॉर्मर काढा आणि त्यावर २५ टक्के जास्त क्षमता घ्या. सगळी पॅनेल समांतर जोडा, मालिकेत नाही. काचेच्या कडेच्या तांब्याच्या पट्ट्या चौकटीच्या ॲल्युमिनियमला टेकू देऊ नका. सिलिकॉन न्यूट्रल क्युअर हवा. व्हिनेगरसारखा वास येणारा ॲसिटिक सिलिकॉन पट्ट्या आणि फिल्मच्या कडा खातो, आणि वर्षभरात कडेला पांढरी झालर दिसू लागते. लाईट गेली की काच दुधाळ होते. लोडशेडिंगमध्ये खासगीपणा टिकतो, पण समोरचं दिसत नाही. रिसेप्शनला हे अडचणीचं वाटत असेल तर इन्व्हर्टरवर घ्या.

उष्णतेसाठी खरी स्मार्ट काच इलेक्ट्रोक्रोमिक. टंगस्टन ऑक्साइडच्या थरात विजेने लिथियमचे आयन ढकलले की काच निळसर गडद होते. या थराचा रंग बदलण्याचा गुण एस. के. देब यांनी १९६९ मध्ये दाखवला. चांगल्या दुहेरी युनिटमध्ये व्हीएलटी ६० वरून १ टक्क्यापर्यंत आणि एसएचजीसी ०.४ वरून ०.१ च्या खाली जातो. वीज पाच व्होल्टच्या आसपास डीसी आणि तीही बदलताना मुख्यतः. मोठी काच पूर्ण गडद व्हायला १५-२० मिनिटं लागू शकतात, म्हणून पश्चिमेसाठी नियंत्रक दुपारी दीड-दोनलाच गडद करायला सुरुवात करेल असा लावा. ऊन आल्यावर जागा झालेला नियंत्रक उशिराच पोचतो. पश्चिमेची भिंत दोन-तीन उभ्या भागांत विभागा आणि एक भाग हलका ठेवा, नाहीतर सगळी खोली निळी होते. १ टक्क्यालाही मावळता सूर्य डोळ्यात जातो, टेबल खिडकीसमोर असेल तर पडदा लागतोच.

ही काच बाहेरून येते, महाग असते, जागेवर कापता येत नाही. चौकटीत तारेची वाट रेखाटनाच्या वेळीच ठेवावी लागते, आणि ती वाट पाणी निघायच्या भोकांपासून वेगळी हवी. वीज गेल्यावर काच आहे तशी राहते की फिकट होते, हे कंपनीगणिक वेगळं आहे; लेखी घ्या. ऑर्डरबरोबरच प्रत्येक मापाची एक जादा काच मागवा. तीन वर्षांनी आलेल्या काचेची निळी झाक जुन्या काचेशी जुळत नाही.

एसपीडी (तरंगत्या सूक्ष्म कणांची फिल्म असलेली काच) उलट स्वभावाची: वीज नसताना गडद, दिल्यावर पारदर्शक, क्षणात. थर्मोक्रोमिकला तार नाही. काच तापली की स्वतः गडद होते. ऐकायला छान, पण ती खोलीचं नाही, स्वतःचं तापमान बघते, आणि जानेवारीच्या कोवळ्या उन्हातही पश्चिमेला गडद होऊन बसू शकते.

स्पष्ट सांगायचं तर खान्देशातल्या दहा मजल्यांच्या आतल्या बहुतेक इमारतींना बाहेरची सावली आणि दोन-चांदी लो-ई दुहेरी काच एवढं पुरतं. इलेक्ट्रोक्रोमिक तिथे घ्या जिथे पश्चिमेचं दृश्य हवंच आहे आणि बाहेर काहीही लावायला जागा नाही.

माप आणि बसवणी

माप मिलिमीटरमध्ये द्या. सुताच्या भाषेत दिलेलं माप टफन कारखान्यात ३ मिमीने चुकतं, कारण एक सूत म्हणजे ३.१७५ मिमी. चौकट बसून गिलावा वाळल्यावरच मोजा. रुंदी वर, मध्ये, खाली. उंची डावी, मधली, उजवी. सर्वांत लहान माप घ्या आणि त्यातून १० ते १२ मिमी वजा करा, म्हणजे चारी बाजूंनी ५-६ मिमी मोकळीक राहते. दोन्ही कर्ण मोजा; ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर आधी चौकट गुण्यात आणा. काच घासून बसवता येणार नाही, ती टफन आहे.

तळाशी दोन सेटिंग ब्लॉक, प्रत्येक कोपऱ्यापासून रुंदीच्या पाव अंतरावर. १०० मिमी लांब, ५-६ मिमी जाड, शोर ए ८०-९० कडकपणाचं निओप्रीन. लाकडी चिपटी किंवा काचेचा तुकडा नको. ब्लॉकची रुंदी दोन्ही काचांना आधार देईल एवढी हवी. एकच काच टेकली तर दुसरी सीलवर लटकते आणि वर्ष-दोन वर्षांत पोकळीत धुकं दिसतं. धुकं आत गेलं की पुसता येत नाही, युनिटच बदलावं लागतं. काचेची कड चौकटीत १५ मिमी झाकली जावी, म्हणजे सीलला ऊन लागत नाही.

चौकटीच्या तळाला पाणी निघायची भोकं ठेवा. मिस्त्री पहिल्याच दिवशी ती सिमेंटने किंवा सिलिकॉनने बुजवतो, "पाणी आत येईल" म्हणून. पाणी रबराच्या फटीतून चौकटीत जाणारच. भोकं बंद असली की दुहेरी काचेची सील पावसाळाभर पाण्यात बसते. सगळं झाल्यावर होजने खालून वर, प्रत्येक सांध्यावर पाच मिनिटं पाणी मारा आणि आतून बघा. मृगाची वाट बघू नका.

वेल्डिंग आणि ग्राइंडिंग काच बसवण्याआधी संपवा. ठिणग्या काचेत वितळून रुततात, ते डाग निघत नाहीत. काचेवरची संरक्षक प्लास्टिक फिल्म महिन्याभरात काढा. आपल्या उन्हात ती भाजून चिकटते. वरच्या गिलाव्यातून ओघळलेलं सिमेंटचं पाणी त्याच दिवशी धुवा, ते अल्कधर्मी असतं आणि काच कोरतं. गोदामात काचांच्या थप्पीत पाणी शिरलं तरी असेच इंद्रधनुषी डाग पडतात, म्हणून पावसाळ्यात आलेल्या काचा उतरवतानाच एकेक उजेडात धरून बघा.

धुण्यासाठी बोअरचं पाणी वापरलंच तर शेवटचा हात गोड्या पाण्याचा आणि लगेच रबराने पुसणं. क्षारांचे ताजे डाग पाणी आणि पांढरं व्हिनेगर समप्रमाणात घेऊन निघतात. दोन उन्हाळे जुने डाग निघत नाहीत. प्रत्येक युनिटच्या स्पेसरवर आणि कोपऱ्यावर छापलेली माहिती, माप आणि मजला यांचा फोटो काढून ठेवा. पाच वर्षांनी एक काच फुटली तर दुकानदाराला तेच दाखवावं लागतं.